घरची दोन माणसं

"मान दाब," भाऊ म्हणाला.

कांदा वरून देखणा होता. टणक, गुलाबी, पत्तीला चकाकी. अंगठ्यानं मान दाबली तशी ती आत गेली आणि पिवळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. हा वास साबणानं जात नाही, दोन दिवस बोटांना राहतो.

"मे महिन्यात भिजलेला माल आहे. काढून शेतात पडला होता आणि वरून पाऊस. वाळवून कांदाचाळीत भरला, पण मानेत पाणी राहिलं ते राहिलंच. आता बाहेर पडतंय."

राखीपौर्णिमेचा दुसरा दिवस होता, साल २०२५. चांदवड तालुक्यातल्या माझ्या माहेरी चाळीसमोर ताडपत्री अंथरून आम्ही सात जण कांदा निवडत बसलो होतो. रोजानं आलेल्या चार बायका, वहिनी, भाऊ आणि मी. चांगला माल एका बाजूला, बारीक गोल्टी दुसरीकडं, काजळी धरलेला वेगळा, सडका थेट पाटीत. मी नाशिकला एका पतसंस्थेत हिशेब लिहिते, त्याला एकोणतीस वर्षं झाली. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. बारावीनंतर शेतात उतरला तो तिथंच आहे. चार एकर जमीन, एक विहीर, दोन संकरित गाई. शेती परवडते की नाही यावर आमचं दर राखीला वाजतं. या वेळी मी त्याची वही मागून घेतली.

वही तो नेमानं लिहितो. लाल पाठीची, लांबट. खताची गोणी, डिझेल, औषधाची बाटली, रोटरचे तास, सगळं तारीखवार. इतकी स्वच्छ वही मी भल्या दुकानदारांची पाहिलेली नाही.

"दोन एकर उन्हाळ कांद्याचा खर्च काढलाय मी," मी म्हणाले. "उळं, रोप, नांगरट, लागण, खतं, फवारण्या, निंदणी, काढणी, चाळीत भरणी. एक लाख चौतीस हजार."

"बरोबर."

"चाळीत दोनशे क्विंटल भरलास. घट आणि सड धरून दीडशे विकला जाईल?"

"गेला तर देवाची कृपा."

"बाराशेचा भाव धरू. एक लाख ऐंशी हजार. त्यातून गाडीभाडं आणि बाजारातला खर्च बारा हजार. उरले चौतीस."

"उरले ना? मग झालं तर."

"आता हे पान बघ." निंदणीच्या पानावर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘बायका ६, घरची २’. सहा बायकांपुढं अठराशे रुपये. ‘घरची २’ यापुढं काहीच नाही. लागणीच्या पानावर तसंच, काढणीच्या पानावर तसंच. "ही घरची दोन म्हणजे तू आणि वहिनी. कार्तिकात उळं टाकलंस तेव्हापासून आजपर्यंत या दोन एकरांत तुझे दीडशे दिवस गेले, वहिनीचे एकशेवीस. मी कमीच धरलेत. चौतीस हजाराला दोनशे सत्तर दिवसांनी भाग. दिवसाला एकशे सव्वीस रुपये पडतात. या मावशींना तू तीनशे देतोस."

मावशींनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबला. भाऊ उठला. "चल, विहिरीवर जाऊन येऊ."

बांधावर आल्यावर तो म्हणाला, "बायकांपुढं असं बोलू नये ताई. त्या उद्या कामाला येताना बिचकतील. यांना आपली मजुरी मिळेल का, असं वाटेल त्यांना."

हे माझं चुकलं होतं आणि मी तसं म्हणाले.

"आणि दुसरं," तो म्हणाला, "एका वर्षाच्या हिशेबावर शेती तोलायची नसते. गेल्या वर्षी याच चाळीतला कांदा मी दिवाळीनंतर चार हजारांनी दिला. सोसायटीचं कर्ज त्यात फिटलं. विहिरीचं बांधकाम त्यात झालं. ते नाही तू भागाकारात धरलंस."

"मग त्याच्या आदलं वर्षही धर."

यावर तो चालता चालता थांबला आणि तारखा सांगायला लागला. १९ ऑगस्ट २०२३, निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क. ८ डिसेंबरला सरळ निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान किंमत आणि चाळीस टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबरला किमान किंमत गेली, शुल्क वीसवर आलं. १ एप्रिल २०२५ ला शुल्क शून्य. कुणी परवचा म्हणावा तसं, एकही तारीख आठवायला तो अडखळला नाही.

"बंदी आली तेव्हा माझा लाल कांदा अर्धा निघालेला, अर्धा जमिनीत. पहिल्या अर्ध्याला साडेतीन हजार लागले, दुसऱ्याला सोळाशे. वाफा तोच, पाणी तेच, हात तेच. मग तोटा माझ्या वहीत शोधून कसा सापडेल तुला? तो दिल्लीतल्या कागदात आहे."

या बाबतीत मी त्याच्या बाजूची आहे, पूर्णपणे. शहरात कांदा साठ रुपयांवर गेला की आमच्या इमारतीत जिन्याजिन्यात चर्चा होते. २०२३ च्या सुरुवातीला तो मातीमोल झाला, राज्य सरकारला क्विंटलमागं ३५० रुपये अनुदान द्यावं लागलं, तेही जास्तीत जास्त २०० क्विंटलला, तेव्हा जिन्यात कुणी काही बोललं नाही. पण मला त्याला वेगळंच विचारायचं होतं.

"सोळाशे मिळाले त्या महिन्यात खतवाल्याची उधारी दिलीस?"

"दिली."

"ट्रॅक्टरवाल्याची?"

"दिली."

"बायकांची मजुरी?"

"ती कधी ठेवतो का मी? त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत."

"मग पडलेला भाव कुणाच्या अंगावर गेला, भाऊ? वहीत ज्याचं लिहिलेलं आहे त्या प्रत्येकाला त्याचे पैसे पोचले. ज्यांचं लिहिलेलं नाही, त्या दोघांचेच गेले. सरकारनं भाव पाडला, पावसानं माल भिजवला, बाजारात गाडी रिकामी केल्यावर व्यापाऱ्यानं वांधा काढून शंभर रुपये कमी केले, दर वेळी तू ते घरच्या दोन माणसांतून भरतोस. म्हणून तुझं शेत बुडत नाही. वहीत मात्र हे कुठंच नाही."

विहिरीच्या कठड्यावर आम्ही बसलो. खाली पाणी चांगलं आलं होतं. भाऊ बराच वेळ बोलला नाही. मग त्यानं विचारलं, "तुझा भाचा किती कमावतो माहीत आहे ना?"

माहीत होतं. भाच्यानं डिप्लोमा केला आणि दोन वर्षांपासून तो सिन्नरच्या एका कारखान्यात कंत्राटदारामार्फत आहे. साडेपंधरा हजार हातात पडतात.

"त्यातले दोन हजार खोलीचे, तीन हजाराच्या वर खानावळीचे, पेट्रोल वेगळं. इथून दर महिन्याला गहू जातो, बाजरी जाते, डाळ जाते, कांदे जातात, वहिनी तुपाची बरणी देते. आजारी पडला की इथं येऊन पंधरा दिवस पडतो, त्या पंधरा दिवसांचा पगार कारखाना देत नाही, जेवायला आम्ही घालतो. मग साडेपंधरात माणूस कुणाच्या जिवावर राबतो तिथं? या चार एकरांच्याच ना? ते त्या कारखान्याच्या वहीत लिहिलेलं आहे का? माझी वही तेवढी अपुरी दिसली तुला."

मी गप्प झाले. असा विचार मी केलेला नव्हता. नोकरीच्या पगाराला मी आजवर पक्का आकडा समजत आले. त्याच्या मागून शेतातून जाणारी गव्हाची गोणी मला दिसली नव्हती, खरं तर माझ्याही घरात ती गोणी कित्येक वर्षं येत होती. माझ्या बी.कॉम.च्या तीनही वर्षांची फी कांद्याच्या पट्टीतून भरली गेली. १९९४ साली कॉलेजच्या खिडकीवर मी ज्या नोटा मोजून दिल्या त्यांना कांद्याचा वास होता.

"म्हणजे शेत कारखान्याला पोसतंय आणि कारखाना शेताला," मी म्हणाले. "केंद्र सरकारनं २०१८-१९ या शेती वर्षाची पाहणी केली होती. शेतकरी कुटुंबाचं सरासरी महिन्याचं उत्पन्न १०,२१८ रुपये निघालं. त्यात पिकातून ३,७९८, आणि मजुरी-पगारातून ४,०६३."

"मजुरीतून जास्त?"

"जास्त. शेतकरी म्हणून नोंदवलेल्या घरात."

भाऊनं कठड्यावरचा खडा उचलून पाण्यात टाकला. "बघ. आणि तरी तू म्हणतेस पोराला परत आणू नको."

मूळ मुद्दा हा होता. भाच्याला परत बोलवायचं भावाच्या मनात होतं. ठिबक करायचं, एक एकरात टोमॅटो किंवा मिरची लावायची, गाई दोनाच्या पाच करायच्या. एकट्याच्यानं ते होत नाही. त्याला आता अठ्ठेचाळिसावं चालू आहे आणि कंबर बोलायला लागली आहे.

"आणू नको असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "घरचा तिसरा माणूस म्हणून आणू नको, एवढंच म्हणते. ‘घरची ३’ असं लिहून त्याच्यापुढंही रिकामं सोडशील. त्याचा महिना ठरव, वहीत लिही, त्याच्या खात्यात टाक."

"बापानं पोराला पगार द्यायचा? गावात तोंड दाखवता येईल का मला?"

"आईनं विचारलं होतं बाबांना. आठवतं?"

त्याला आठवत नव्हतं, तो नऊ वर्षांचा होता. मला लख्ख आठवतं. १९८६ चा नोव्हेंबर. चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं होतं, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं. गावातल्या बायका ट्रॉलीत बसून गेल्या, त्यांत आई होती. आयुष्यात पहिल्यांदा ती लग्नकार्य किंवा मयत सोडून कशाला तरी घराबाहेर राहिली. परत आली, चूल पेटवली, आणि भाकरी थापता थापता बाबांना म्हणाली, "माझा रोज किती धरता तुम्ही?" बाबांना प्रश्नच कळला नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. पण त्यानंतर पुष्कळ वर्षं कांदा लागणीच्या दिवसांत ती चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायची. दिवाळीला घर सारवताना त्या पुसल्या जायच्या. मला वाटायचं, दुधाचा हिशेब असेल.

शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करायला आले, ते सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात. स्वतः कसून, स्वतः हिशेब लिहून त्यांनी मांडलं की शेतमालाच्या भावातून उत्पादन खर्चच निघत नाही. नाशिकच्या मातीत ते बोलणं मुरलं आहे, भाऊही तेच बोलतो. ‘उत्पादन खर्चावर आधारित भाव’ हे शब्द त्याला पाठ आहेत. मी त्याला तिथंच धरलं.

"उत्पादन खर्च मागतोस ना सरकारकडं? दिल्लीत कृषी मूल्य आयोग आहे, तो खर्च कसा काढतो ठाऊक आहे? रोख खर्च एक. त्यात घरच्यांच्या मजुरीची किंमत मिळवून दुसरा. त्यात घरच्या जमिनीचा खंड आणि घरच्या भांडवलाचं व्याज मिळवून तिसरा, पुरा खर्च. हमीभाव देताना ते दुसरा धरतात, शेतकरी म्हणतात तिसरा धरा, स्वामिनाथन आयोगापासून भांडण त्यावर आहे. कांद्याला तर हमीभावच नाही, ते सोड. पण सरकारच्या कागदावरसुद्धा घरच्या मजुरीला जागा आहे. तुझ्या वहीत नाही. ज्याला तू स्वतः शून्य लिहितोस त्याचा भाव दुसऱ्याकडून कसा मागशील?"

"खंड धरतात म्हणालीस?" भाऊनं माझ्याकडं वळून पाहिलं. "घरच्या जमिनीचा?"

"हो."

"मग इथं एकरी पंधरा हजार खंड चालतो. चार एकरांचे साठ. त्यातले तीस हजार तुझे, दर वर्षी. बाबा गेले २००९ ला. पुढच्या वर्षी तू हक्कसोडपत्रावर सही केलीस. पंधरा वर्षं झाली. मी ते लिहिलं नाही, तूही मागितलं नाहीस. सगळ्यांचं लिहायचं म्हणतेस, मग आधी तुझं लिहावं लागेल. आणि ते लिहिलं तर मी आजच बुडालेला आहे ताई."

हे तो रागानं म्हणाला नाही. मी उत्तर द्यायला वेळ घेतला. मुलीचा मुलाइतका हक्क २००५ च्या कायद्यानं झाला आहे हे मला सहीच्या दिवशी माहीत होतं. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, पण कुणी विचारलंही नव्हतं. कागद समोर आला, बोट ठेवून जागा दाखवली, मी सही केली. आजोबांचे सोळा एकर बाबा धरून चौघा भावांत चार-चार झाले होते. त्या चाराचे दोन झाले असते तर भावाला मजुरीलाच जावं लागलं असतं. आणि हे एकट्या आमच्या घरचं नाही. महाराष्ट्रात १९७०-७१ साली शेतकऱ्याकडं सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती, २०१५-१६ च्या गणनेत ती १.३४ हेक्टर निघाली. पुष्कळ बहिणींनी सह्या करूनही एवढी घटली.

"लिही," मी म्हणाले. "देऊ नकोस. मी मागणार नाही, ती सही मी परत घेत नाही. पण लिही."

"द्यायचं नाही ते लिहून काय मिळतं?"

"भाच्याला बोलवायचं की नाही ते ठरवताना खरा आकडा समोर राहील. तुझा, वहिनीचा, माझा. मग तो आला तर डोळे उघडे ठेवून येईल."

"तू आकडा बघून शेतात उतरली असतीस?"

"नाही."

"मीही उतरलो नसतो." तो उठला, मोटरच्या पेटीपाशी गेला, झाकण उघडून उगाच आत पाहिलं. "हिवाळ्यात एक आठवडा दिवसाची लाइन, एक आठवडा रात्रीची. रात्री अडीचला उठून इथं येतो. शेजारच्या उसात बिबट्या आहे, दोनदा पाहिलाय मी. हातात बॅटरी, तोंडानं मोठ्यानं काही तरी म्हणत राहायचं. बारं देताना पाणी वाफ्यात शिरतं तेव्हा मातीचा आवाज होतो, चुळचुळ. त्या आवाजावरून मला कळतं वाफा भरला की नाही, उजेड लागत नाही. तीस वर्षांत मी हे शिकलोय. दुसरीकडं कुठं याचे पैसे मिळणार नाहीत मला, आणि दुसरीकडं कुठं मी इतका शहाणा असणार नाही. तुझा तो एकशे सव्वीसचा आकडा त्या रात्री डोळ्यांपुढं आला तर मी उठणार नाही, ताई. म्हणून लिहीत नाही."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. माणूस इतकं कौशल्य अंगात मुरवतो आणि त्याच्या दिवसाला एकशे सव्वीस रुपये पडतात. याचा मला संताप येतो. तो आकडा त्यानं न बघणं हा या संतापावरचा उपाय आहे असं मला वाटत नाही. पण रात्री अडीचला उठून उसाच्या कडेनं मला जायचं नसतं, त्याला जायचं असतं.

"तू उठतोस ते तुला आवडतं म्हणून," मी एवढंच म्हणाले. "वहिनीला काय आवडतं, विचारलंस का?"

चाळीकडं परतलो तेव्हा साडेपाच वाजत आले होते. सोळा क्रेट भरले होते, सडक्याच्या अकरा पाट्या निघाल्या होत्या. बायका हात धुऊन पदर झटकत होत्या. भावानं चौघींना तीनशे-तीनशे दिले, मावशींना थोडी गोल्टी घरी न्यायला दिली. वहिनी सकाळपासून त्यांच्या रांगेत बसलेली होती. ती उठली, तिनं हात धुतले आणि खुंटीवरची दुधाची डायरी काढून ती गोठ्यात गेली. धार काढायची वेळ झाली होती. दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे येतात, किराणा आणि दवाखाना त्यात चालतो, आणि ती डायरी ती कुणाच्या हातात देत नाही.

भाऊ ओट्यावर बसला. त्यानं वही उघडली, तारीख घातली. ‘कांदा निवडणी. बायका ४. रु. १,२००.’ खाली नेहमीसारखं लिहिलं, ‘घरची २’. मग पेन रुपयांच्या रकान्यावर नेऊन थांबवलं.

"अगं," त्यानं गोठ्याकडं पाहून हाक मारली, "यंदाच्या कांद्यात तुझे दिवस किती धरू? ताई एकशेवीस म्हणतेय."

चरवीत पडणाऱ्या धारांचा आवाज थांबला.

"एकशे त्रेसष्ट," वहिनी आतून म्हणाली. "डायरीत मागल्या पानांवर आहेत. धार झाली की देते."